गुरुजींची चार भांडणं

नाटकवाल्यांमध्ये बसणं-उठणं असलं की किस्से गोळा करावे लागत नाहीत, ते आपणच घरी येऊन बसतात. त्यात मी प्रॉम्प्टर! नट स्वतःचं भाषण विसरतात, प्रॉम्प्टर सगळ्यांचं लक्षात ठेवतो, वहीबाहेरचंसुद्धा. म्हणून कुठून सुरू करू, ही माझी नेहमीची पंचाईत. आज एकाच वर्षाचे सांगतो.

देश स्वतंत्र होऊन सात-आठ वर्षं झाली असतील. आमचं गाव मूल नावाच्या मोठ्या गावापासून बैलगाडीनं अर्ध्या दिवसावर. दिवाळी झाली की आमच्याकडे मंडई, म्हणजे गावची जत्रा, आणि मंडई म्हटली की नाटक आलंच. त्या वर्षीचं नाटक शाळेच्या गुरुजींनी लिहिलं होतं. गुरुजी वर्ध्याकडचे, वाचणारे. तालमीच्या पहिल्याच दिवशी त्यांनी शाळेच्या ओसरीत फळा मांडला आणि खडूनं लिहिलं: माणूस विरुद्ध माणूस, माणूस विरुद्ध निसर्ग, माणूस विरुद्ध समाज, माणूस विरुद्ध तो स्वतः. म्हणाले, भांडण लागल्याशिवाय माणूस कळत नाही, म्हणून नाटकात यातलं एक तरी भांडण हवंच.

आमचे पाटील मागं बसले होते. त्यांनी फळा सावकाश वाचला आणि विचारलं, "एकच काऊन जी? आपल्या गावात त चारही हायेत."

*

पाटील खोटं बोलत नव्हते. पहिलं भांडण तिथंच ओसरीच्या दोन टोकांना बसलं होतं. दशरथ आणि नामदेव, सख्खे भाऊ. वाटणी झाल्यापासून वर्षभर एकमेकांशी बोलत नव्हते. वरची बोडी, म्हणजे पाण्याचं तळं, थोरल्या दशरथकडे गेली होती आणि नामदेवची धानाची बांधी, म्हणजे भाताचं शेत, तिच्या खाली. बोडीतून खाली येणाऱ्या पाटाचं तोंड दशरथनं मातीनं बुजवून टाकलं. पाऊस होता तोवर कुणाचं काही अडलं नाही. पण त्या वर्षी दसऱ्याआधीच पाऊस गेला. नामदेवचं धान लोंबीवर आलेलं आणि बांधीला भेगा पडायला लागलेल्या. आठ दिवसांत पाणी मिळालं नसतं तर घरातल्या पाच माणसांचं वर्षाचं खाणं गेलं असतं.

आणि गुरुजींनी त्यांना कामं दिली ती नाटकातल्या दोन भावांची! मी म्हटलं, गुरुजी, हे काय करून राह्यले तुम्ही? तर म्हणाले, दोघांचं पाठांतर चांगलं आहे.

*

निसर्गाचं भांडण फॉरेस्ट गार्ड काशीनाथच्या वाट्याला आलं. मोठ्या मिशांचा काशीनाथ आमचा हिरो. वाघ आला तरी डोळ्याला डोळा भिडवीन, असं त्याचं वाक्य होतं आणि ते तो फार झोकात म्हणायचा.

एका दुपारी जंगलाच्या वाटेनं तो तालमीला येत होता. मागून गोंडटोल्यावरची, म्हणजे गोंडांच्या वस्तीवरची, सकराबाई पळसाच्या पानांचा भारा घेऊन येत होती. वळणावर समोर अस्वल उभं! काशीनाथ काठी टाकून जो पळाला तो ओसरीतच आला, पायात वहाणासुद्धा नाहीत. आम्ही पाणी देतोय तोच ताडकन उठला. सकराबाई मागंच राहिली, असं ओरडत आला तसा उलटा पळाला, आमची वाटही न पाहता.

आम्ही डबे बडवत पोचलो तेव्हा अस्वल निघून गेलं होतं. सकराबाई भाऱ्यावर बसलेली, काशीनाथ तिच्या बाजूला घामाघूम. गुरुजींनी विचारलं, बाई, काय झालं? ती म्हणाली, "रडत रडत आला जी. पन आला."

दुसऱ्या दिवशी काशीनाथनं ते वाघाचं वाक्य स्वतःच माझ्याकडून खोडून घेतलं.

*

समाजाचं भांडण पाटलांनी केलं. त्यांना मालगुजाराचं, म्हणजे जमीनदाराचं, काम होतं. शेवटच्या अंकात गाव एक होतं आणि मालगुजार हरतो. पाटील म्हणाले, मी गावासमोर हरणार नाही, पुढं माझं कोण ऐकेल? गुरुजींनी समजूत घातली, बरं, हरू नका, तुम्हाला पश्चात्ताप होतो असं करू. तेही नको. गावाची माफी मागा. छे! दोन तास असेच गेले. गुरुजींनी कंटाळून वही आपटली, मग आता तुम्हीच सांगा काय करू.

पाटलांनी पान जुळवलं, तोंडात टाकलं, विचार केला. म्हणाले, "मरन चालते. हारनं नाई."

आणि मेले! प्रत्येक तालमीत अगदी मनापासून मरायचे.

*

चौथं भांडण माझं. दोन्ही भावांकडे माझी ऊठबस. दशरथ मला म्हणाला होता, "त्याले तोंड नाई का? मांगलं त आत्ता देतो." नामदेव म्हणाला होता, "बापाचं पानी, मी मांगू कायले?" आणि दोघांनीही, इकडचं तिकडं सांगायचं नाही म्हणून मला आपली शपथ घातली होती. मी रोज एकाच्या घरी ठरवून जायचो, आज सांगूनच टाकायचं. चहा पिऊन परत यायचो. बांधीवरून येताना पिवळं पडत चाललेलं धान दिसायचं आणि स्वतःची लाज वाटायची. भित्रा होतो मी, दुसरं काय!

*

तालमीच्या सातव्या दिवशी, उन्हं कलली तेव्हा, भावांच्या ताटातुटीच्या प्रवेशाची तालीम लागली. धाकटा म्हणतो, "दादा, मला काही नको, मी चाललो." थोरला म्हणतो, "जा, मागे वळून पाहू नकोस." बस, एवढंच.

नामदेव पुढं आला आणि गप्प उभा राहिला. मी वाक्य सांगितलं, "दादा, मला काही नको." मी पुन्हा सांगितलं, जरा मोठ्यानं. त्यानं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मान खाली घालून म्हणाला, "भाऊ, मले पानी पाह्यजे."

दशरथ माझ्याकडे बघायला लागला. पुढचं वाक्य सांग, अशी खूण केली. वहीत ते होतं, "जा." माझ्या ओठावर आलं होतं. मी वही मिटली आणि म्हटलं, "आता तुहं तूच बोल."

दशरथ ओसरी उतरला, शाळेच्या बागेतलं फावडं उचललं आणि चालायला लागला. मागं नामदेव, त्याच्या मागं आम्ही सगळे, पाटीलसुद्धा. बोडीवर जाऊन त्यानं पाटाचं तोंड उकरलं. आधी गढूळ पाणी आलं, मग धो धो वाहायला लागलं. माझ्या छातीवरचं ओझं उतरलं ते तिथं. नामदेव पाण्यात उतरून रडत होता.

दशरथनं त्याच्याकडे पाठ ठेवूनच आणखी चार फावडी माती ओढली. मग म्हणाला, "एवढंच होतं त पह्यल्या अंकात काऊन नाई बोल्ला बे?"