मामाच्या दारातलं झाड

आमच्या थोरल्या साडूंना, म्हणजे अण्णांना, खोटं नाव सांगून तुळजापूरच्या रस्त्यानं कुणी निसटलं असेल, यावर माझा विश्वास नाही. मी हिशेबी माणूस आहे; वाढवून नव्हे, थोडं वजा करूनच सांगतो आहे. सारी नोकरी अण्णांनी वाहतूक हवालदार म्हणून रस्त्यावर काढली, पण लायसन वाचताना त्यांना कुणी पाहिलं नाही. लायसन हातात घेऊन ते त्याचाच वारा घेत आणि विचारत, "मामाचं गाव कुठलं?" लगेच दुसरा प्रश्न, "मामाच्या दारात झाड कुठलं?" खोटा माणूस गाव पाठ करून येतो, झाड न्हाय, असं त्यांचं म्हणणं. एक जण झाडापाशी अडखळला आणि त्याच्याखालची मोटारसायकल चोरीची निघाली. तेव्हापासून तर सोयच राहिली नाही. निवृत्तीनंतर गॅस सिलिंडरवाला, बँकेतले नवे साहेब, माझ्या मुलीला बघायला आलेला मुलगा, सगळ्यांना तेच दोन प्रश्न. "मामा फ्लॅटमध्ये राहतात," असं तो मुलगा म्हणाला. आज तो आमचा जावई आहे, पण अण्णांच्या लेखी चौकशी अजून चालू आहे.

गेल्या महिन्यात आम्ही दोघं त्यांच्या स्कूटरवरून तामलवाडीला निघालो होतो. त्यांच्या जुन्या जागीच एका तरुण महिला पोलिसानं हात केला. अण्णा खुशीत आले. उतरून, मिशीवर हात फिरवून ताठ उभे राहिले. लेकानं मोबाइलमध्ये घालून दिलेलं लायसन त्यांनी पुढं केलं. तिनं त्यातल्या कोडवर आपला मोबाइल धरला.

"झालं काका, जावा."

"तोंडाकडं तर बघा, बाई. मीच हाय का त्यो?"

"सगळं दिसतंय की इथं, काका."

"झाड दिसतंय का?"

"कुठलं झाड?"

मागं गाड्या तटल्या होत्या. तिचं काम चोख होतं, मला त्यात खोट काढता येणार नाही. अण्णा स्कूटरवर बसले. बरंच अंतर गेलं. शेवटी मीच मागून विचारलं, "अण्णा, मामाचं गाव कुठलं तुमच्या?"

त्यांनी गाडी कडेला घेतली.

"ढोकी."

"दारात झाड?"

"कडुलिंब." मग म्हणाले, "रस्ता रुंद केला, तवा गेला त्यो. त्याच्याखाली मामी आम्हाला जेवाय वाढायची. लई गार सावली."

मी खिशातला रुमाल काढून थोडा वारा घेतला, त्यांच्यासारखाच.

"जावा," म्हणालो.

त्यांनी गाडी सुरू केली.