आबांच्या मयतीचा फोटो

माझे वडील दोनदा वारले. पहिल्यांदा वारले तेव्हा ते चौसाळ्याला आमच्या ओट्यावर बसून पान खात होते, तब्येत ठणठणीत होती, आणि त्यांना मारणारा मी होतो. (त्यासाठी मी एक वस्तरा आणि पुदिन्याचं एक पान वापरलं.)

निजामाचं राज्य होतं. आबांकडे जमीन बऱ्यापैकी होती आणि जमिनीपेक्षा दावे जास्त होते. घरचाच एक वकील असावा म्हणून त्यांनी मला हैदराबादेला शिकायला ठेवलं. मी कायदा कितपत शिकलो ते पुढे आमच्या दाव्यांच्या निकालांवरून सगळ्या तालुक्याला कळलं. फॅशन मात्र मी मन लावून शिकलो.

तिथे माझा गुरू होता करीम. बीडच्या एका फळवाल्याचा मुलगा. बापानं त्याला सीताफळांची आडत सांभाळायला हैदराबादेत बसवलं होतं, आणि तो ती दुपारपर्यंत सांभाळायचाही. शनिवारी संध्याकाळी आम्ही दोघं सिकंदराबादेला जायचो. छावणीजवळ एक साहेबी हॉटेल होतं. तिथे बँड वाजायचा, गोरे लोक जोडीनं नाचायचे, आणि पोशाख बरा असला तर आमच्यासारख्यांनाही आत सोडायचे. आम्ही कोपऱ्यातल्या टेबलावर बसून मजा करायचो. मजा म्हणजे काय, तर कॉलर इतकी कडक असायची की मान वळवायची तर कमरेपासून वळावं लागे. बूट करीमच्या मावसभावाचे होते, आणि मावसभावाचा पाय माझ्यापेक्षा दोन बोटं लहान होता. जेवण म्हणाल तर भल्या मोठ्या बशीत मधोमध एक चिमूटभर काहीतरी यायचं. म्हणून निघण्यापूर्वी आम्ही खानावळीत पोटभर भाकरी खाऊन घ्यायचो. मग हॉटेलात जाऊन ते चिमूटभर टाकून द्यायचो, म्हणजे खानदानी वाटतं.

"मजा आ रा ना मियां?" करीम विचारायचा.

"लई," मी म्हणायचो, आणि टेबलाखाली बूट काढायचो.

खरा थाट होता तो कॉकटेलचा. एक माणूस तीन-चार बाटल्यांतलं थोडं थोडं चांदीच्या भांड्यात ओतायचा, झाकण लावायचा, आणि अंगात आल्यासारखा ते भांडं हलवायचा. आमची माय ताक करताना एवढी धडपड कधी करत नसे. मग ते पिवळसर पाणी उंच दांडीच्या गिलासात येई, वर पुदिन्याचं एक पान तरंगत असे. चव लहानपणी पोट दुखलं की माय जो काढा पाजायची त्याची. काढा पिताना मी रडायचो, इथे मान डोलवायचो.

तर एका शनिवारी त्या कॉकटेलचा फेस माझ्या मिशीला लागला. शेजारच्या टेबलावरची एक मडम ते बघून फिस्सकन हसली. आता आमच्या घराण्याची मिशी ही काही साधी गोष्ट नव्हे. जमिनीच्या प्रत्येक तुकड्यावर कुणा ना कुणा भाऊबंदाचा दावा होता, मिशीवर तेवढा कुणाचा नव्हता. पण करीम गंभीर झाला.

"ये मूंछां निकाल दे मियां. विलायत में अब कोई नै रखता."

"आरं पर आमच्यात बाप गेल्यावर काढत्यात."

"यां तेरे बाप कू कौन जानता?"

हा मुद्दा मला बिनतोड वाटला. (वकिलीत माझी काय गत झाली असेल ते यावरून ओळखावं.) बाप जिवंत असताना मिशी काढू नये हे चौसाळ्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, पण चौसाळा तिथून लई लांब होता. पुढच्या शनिवारी मी साहेबी न्हाव्याकडे जाऊन ओठ साफ करून घेतला. केसांना इतकं सुगंधी तेल चोपडलं की ते डोक्याला चिकटून बसले आणि डोकं दिव्याखाली चकाकायला लागलं.

इथे आष्टीचं सांगायला हवं. आष्टीच्या दाजीबांची मुलगी मला सांगून आली होती. मी तिला एकदाच पाहिलं होतं. ती पाण्याचा तांब्या ठेवायला आली, माझ्या बुटांकडे पाहिलं, आणि पदरात तोंड लपवून हसली. तेव्हापासून माझं कशात लक्ष नव्हतं. लग्न करीन तर हिच्याशीच, नाहीतर वकिली तरी पास होईन, इतकं माझं डोकं बिघडलं होतं. दिवाळीनंतर सुपारी फुटायची होती. मला वाटलं, तिनं मला त्या बुटांत पाहिलंय, आता या थाटात पाहिलं पाहिजे.

मिशी काढली त्याच संध्याकाळी हॉटेलात फोटोवाला आला होता. मी उभा राहिलो. हातात गिलास धरला. मांडीवरचा पांढरा रुमाल कुठे ठेवावा कळेना म्हणून उपरण्यासारखा खांद्यावर टाकला. करीमनं दोस्ती दिसावी म्हणून माझ्या पाठीवर हात ठेवला. मागे दोन पगडीवाले खानसामे होते. फोटोवाल्यानं उजेडासाठी ती फटाक्यासारखी दारू उडवली, भप्पकन उजेड झाला, खानसाम्यांनी घाबरून माना खाली घातल्या आणि माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

आठवड्यानं फोटो हातात पडला. मला तो फार आवडला. होणाऱ्या सासुरवाडीला जावयानं पत्र लिहिणं तेव्हा निर्लज्जपणाचं मानत. तेवढी लाज मला होती. म्हणून पत्र न लिहिता नुसता फोटो पाकिटात घातला आणि आष्टीला पाठवून दिला. फोटो आपोआप बोलेल, असं मी करीमला म्हणालो. तो बोलला.

मग ओठ पुन्हा एकदा गुळगुळीत करून सुपारीसाठी मी गावी आलो. जालन्यापर्यंत रेल्वे, पुढे मोटार, शेवटी बैलगाडी. चौसाळ्याचा रस्ता दिसायला लागला तसा ओठ एकदम गार पडला. आबांसमोर हे तोंड घेऊन जायचं कसं? मी मफलर नाकाखालून गुंडाळला आणि दाढ दुखते म्हणून सांगितलं. मायनं लवंग ठेचून दिली. दोन दिवस मी लवंग चघळत, मफलरातूनच बोलत, मफलर उचलून जेवत काढले. मिशी मात्र दोन दिवसांत काही येत नाही, हे मी आरशात दर तासाला पाहत होतो.

तिसऱ्या दिवशी सकाळी वेशीकडून बायकांच्या रडण्याचा आवाज आला. ओट्यावर आबा पान लावत होते.

"कोन गेलं बे?" त्यांनी मला विचारलं.

"म्हाईत न्हाई," मी मफलरातून म्हणालो.

आबा माणुसकीला पक्के. कुणाच्याही मातीला जाणार. ते उठले, चपला घातल्या, तेवढ्यात दोन गाड्या आमच्याच दारात थांबल्या. पहिल्या गाडीतून माझी होणारी सासू उतरली आणि थेट आत जाऊन मायच्या गळ्यात पडली.

"आगं बाई, कसं गं झालं हे!"

आमच्याकडे रीत अशी, की कुणी गळ्यात पडून रडलं तर आधी रडायचं आणि मग विचारायचं. माय लगेच रडायला लागली. शेजारच्या बाया धावत आल्या, त्याही रडायला लागल्या. कोण गेलं ते एकीलाही ठाऊक नव्हतं, पण रडणं अगदी मनापासून चाललं होतं. आबा आपले ओट्यावर परत बसले आणि पान बाजूला ठेवून त्यांनीही चेहरा पाडला.

दाजीबा आले. रीतीप्रमाणे कुणाशी न बोलता, कुणाच्या तोंडाकडे न बघता, मान खाली घालून आबांच्या शेजारी बसले. उपरण्यानं डोळे पुसले.

"लई चांगला मानूस व्हता," दाजीबा जमिनीकडे बघत म्हणाले.

"व्हता खरा," आबा म्हणाले.

"जरा तापट व्हता."

"आसंल."

"भाऊबंदकीपायी पार खंगला."

"कुनाला चुकलीय ती," आबांनी सुस्कारा सोडला. "पर दाजीबा, गेलं कोन?"

दाजीबांनी मान वर केली. आधी त्यांनी आबांचे पाय पाहिले, मग हात, मग मिशी. मग ते ओट्याच्या दुसऱ्या टोकाला सरकले.

"आबासायब, तुमी?"

"मीच. कावून?"

"तुमी वारला न्हवं?"

"आसं कोन म्हनतं?"

"तुमचा ल्योकच म्हनतो की!" असं म्हणून दाजीबांनी बंडीच्या खिशातून फोटो काढला.

तो फोटो मी इतक्या हौसेनं काढला होता, पण चारचौघांत त्याचा अर्थ लागताना मी तो पहिल्यांदाच नीट पाहिला. दाजीबा एकेका गोष्टीवर बोट ठेवत होते आणि सगळं गाव खांद्यावरून डोकावत होतं.

"ही बघा, मिशी काढलेली. डोक्याला पटका न्हाई. डोकं चकाकतंय, म्हंजी तेबी उतरवलेलं. खांद्यावर पांढरा धडपा. डोळ्यात पानी. ह्यो बिचारा मुसलमान दोस्त पाठीवर हात ठिवून धीर देतोय. मागं दोगं माना घालून उभे. आन हातात बगा, पान्यात तुळशीचं पान. शेवटचं पानी पाजून नुकताच उठलाय पोरगा. आमच्या घरात दोन दिस चूल न्हाई पेटली, आबासायब. म्या म्हनलं, एवढा शिकलेला पोरगा, दुक्खात दोन वळीसुदा लिहवल्या न्हाईत त्याला."

आबांनी फोटो हातात घेतला. खूप वेळ पाहिला. मी हळूच गोठ्याकडे सरकत होतो.

"हिकडं ये," आबा म्हणाले. "मफलर काढ."

"आवं, त्याची दाढ दुखती," आतून माय रडता रडता म्हणाली.

"दाढ नको, मला त्याचा ओठ बघायचाय."

मी मफलर काढला. बायकांचं रडणं एकदम थांबलं. त्या शांततेत मला लवंग गिळल्याचा माझा आवाज ऐकू आला.

"म्या जित्ता हाय, दिसतंय न्हवं?" आबा म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता, आणि त्यानंच मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. खरं सांगतो, त्या क्षणी मला माझी लाज वाटली. ज्या माणसानं मला शिकायला धाडलं, त्याला एका मडमेच्या हसण्यापायी मी जिवंतपणी पोचवलं होतं.

"आन ह्या गिलासात काय हाय?" दाजीबांनी विचारलं.

खोटं बोलायला हरकत नव्हती. सरबत म्हटलं असतं तर निभावलं असतं. पण लवंगेनं जीभ बधिर झाली होती आणि बुद्धी आधीपासूनच होती.

"दारू," मी म्हणालो. "तीन परकारची. एकात एक. वर पुदिना."

झालं. सुपारी फुटण्याऐवजी माझं कपाळ फुटणार हे मला कळून चुकलं. सासूबाई ताडकन गाडीकडे निघाल्या. दाजीबांनी मात्र माझा दंड धरला आणि मला गोठ्यामागे नेलं. आता मार बसणार म्हणून मी डोळे मिटले.

"तीन?" दाजीबा दबक्या आवाजात म्हणाले.

"व्हय."

"एकाच गिलासात?"

"व्हय."

"शिंदीसारखं हलकं काई न्हाई ना त्यात?"

"न्हाई."

दाजीबा विचारात पडले. ते स्वतः सणावाराला मोहाची घेत हे तालुक्याला माहीत होतं. "एकीनं भागत न्हाई व्हय तुमचं?" ते म्हणाले. "आरं, प्याचीच व्हती तर मिशी ठिवून प्याची. आमी न्हाई पीत?"

एवढं बोलून ते ओट्यावर आले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "पोरगं खरं बोलतंय. वकील व्हनार न्हाई, पर जावई चालंल."

आबांनी निकाल दिला. मिशी पहिल्यासारखी येईपर्यंत सुपारी नाही, तिथी नाही, आणि हैदराबादही नाही. दाजीबांनी दुखवट्याला आणलेला पांढरा पटका गाडीत तसाच होता. रीतीप्रमाणे तो बाप गेलेल्या लेकाच्या, म्हणजे माझ्या, डोक्याला बांधायचा होता. आबा म्हणाले, "आनलाच हाय तर द्या हिकडं," आणि स्वतःच्या डोक्याला बांधला. पुढे कितीतरी वर्षं बाजाराला जाताना ते तोच पटका बांधायचे आणि विचारणाऱ्याला सांगायचे, की हा माझ्या मयतीत मिळाला. सासूबाईंनी मयताच्या घरी द्यायचा कडू घास म्हणून पिठलं-भाकरी आणली होती. तीही आबांनी सर्वांत आधी वाढून घेतली. मीही खाल्ली. सिकंदराबादेच्या सगळ्या शनिवारांत मी इतकं चांगलं जेवलो नव्हतो.

मिशी यायला सहा महिने लागले. उजवीकडून आली, डावीकडून येईना. लग्नात डावीकडे थोडं काजळ होतं. लग्नानंतर मी हिला विचारलं, "फोटो पाहून तुलाही आबा गेले असंच वाटलं का?"

"न्हाई," ही म्हणाली. "मला वाटलं, तुमीच गेलाव आन कुनीतरी उभं करून फोटू काढलाय."

आबा दुसऱ्यांदा वारले ते बऱ्याच वर्षांनी, झोपेत, कुणाला त्रास न देता. मी वस्तरा मागवला आणि न्हाव्यापुढे बसलो तेव्हा फार रडलो. या खेपेला डोळ्यांतल्या पाण्याला फोटोवाल्याची दारू लागली नाही. आष्टीला माणूस धाडला. दाजीबांनी त्याला पहिलं हे विचारलं म्हणे, "तू सोता बगितलंस का, का फोटूत?"

मग ते आले. म्हातारे झाले होते, काठी टेकत ओट्यावर चढले. काखेत पांढरा पटका होता. मी बोडक्या डोक्यानं, साफ ओठानं, खांद्यावर धडपा घेऊन बसलो होतो. दाजीबांनी माझ्या ओठाकडे बराच वेळ पाहिलं, जवळ आले, खाली वाकले, आणि गळ्यात पडून रडण्याआधी त्यांनी माझ्या तोंडाचा वास घेतला.