शालूने दाखवलेला वारा
कडुनिंबाचा वास आला की परदेशातल्या फ्रिस्को गावातला तो पाडवा आठवतो. मी तेव्हा हवामानशास्त्राचा विद्यार्थी होतो. थंड आणि उबदार हवेची सीमा दोन दिवस गावाच्या दक्षिणेला अडून बसली होती, त्यामुळे पार्कात उत्तरेचा गार वारा होता आणि बारीक पाऊस. आमच्या मराठी मंडळाच्या काकू आपला लग्नातला शालू गुढीला नेसवणार होत्या. “कॅन्सल करू का रे?” त्यांनी विचारलं. मी सांगितलं, अकराला सीमा उत्तरेकडे सरकेल आणि दोन तास कोरडे मिळतील. “वेधशाळेनं ऊन सांगितलं की मी छत्री घेते,” काकू म्हणाल्या. “शालू भिजला तर तुला श्रीखंड नाही.” अकराला पाऊस थांबला आणि त्यांनी गुढी उभारली. शालू दक्षिणेकडे फडफडत होता. थोड्या वेळाने तो सरळ खाली लोंबला, मग हळूहळू उत्तरेकडे वळला. वारा फिरला होता, म्हणजे सीमा आमच्यावरून उत्तरेला सरकली होती. ऊन पडलं. एक वाजता शालू घडी होऊन गाडीत गेला, आणि मागोमाग गारा आल्या. मी दोन वाट्या श्रीखंड खाल्लं. आता अंदाज देणं ही माझी नोकरी आहे. दर पाडव्याच्या आदल्या दिवशी काकूंचा मेसेज येतो, “किती वाजता उभारू?”