मुक्काम ठरेपर्यंत

नाशिककडच्या द्राक्षमळ्यांची इतकी माहिती असलेला आणि त्यांतला एकही मळा डोळ्यांनी न पाहिलेला माणूस उभ्या पुण्यात माझ्या घरमालकांशिवाय दुसरा सापडणार नाही. कुठल्या मळ्यावरून सूर्यास्त चांगला दिसतो, कुठे पाहुण्यांना द्राक्षं तुडवायला देतात, कुठली वाइन आंबट आणि कुठली तुरट, हे ते कात्रजच्या आपल्या गॅलरीत बसून असं सांगायचे, की ऐकणाऱ्याला वाटावं, हे कालच तिथून परतलेत. "मग तुम्हाला कुठली आवडली?" असं कोणी विचारलं, की शांतपणे म्हणायचे, "अजून गेलो नाही. मुक्काम ठरायचाय."

मी त्यांना काका म्हणतो. वाशीमकडच्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकून, घरातला पहिला पदवीधर होऊन मी पुण्यात नोकरीला आलो, तेव्हा खोली दाखवताना बाकीच्या घरमालकांनी माझी जात, जेवण आणि पगार विचारला होता. काकांनी एवढंच विचारलं, "नळ नीट बंद करता येतो?" मी हो म्हणालो. त्यांनी मला नळापाशी नेलं, बंद करून दाखवायला लावलं आणि किल्ली हातात ठेवली. त्या किल्लीचे उपकार मी विसरणार नाही. काकांचा सगळा जन्म एका कारखान्याच्या तपासणी खात्यात गेला होता, आणि हाताळून पाहिल्याशिवाय कुठलीही गोष्ट पुढे जाऊ द्यायची नाही हे त्यांच्या अंगातच मुरलं होतं. दिवाळीच्या पणत्या ते दुकानातच पाणी भरून बघायचे. नवी छत्री घेतली की बाथरूममध्ये शॉवरखाली उघडून उभे राहायचे. एकदा मी गावाहून आणलेल्या तुरीच्या डाळीतले चार दाणे त्यांनी दाताखाली घेतले, बराच वेळ विचार केला आणि म्हणाले, "डाळ चांगली आहे, पदवीधर. तुमच्याकडून अपेक्षा नव्हती." पदवीधर हे माझं त्या घरातलं नाव. सुरुवातीला मला तो मान वाटला, मग कळलं की तो टोमणा आहे, आणि आणखी काही वर्षांनी कळलं की दोन्ही आहे.

वाइनचं खूळ मुळात काकांचं नव्हतं, काकूंचं होतं. काकूंनी आयुष्यात खोकल्याच्या औषधाहून कडक काही घेतलेलं नाही. एका संध्याकाळी टीव्हीवर द्राक्षाचा मळा दिसला, आणि त्यात ग्लास घेऊन बसलेलं एक वयस्कर जोडपं. मेथी निवडता निवडता काकू म्हणाल्या, "अहो, आपणही एकदा असं बसू या. मी औषधाच्या झाकणाएवढीच घेईन." दुसऱ्या कोणी ते हसण्यावारी नेलं असतं. काकांनी टीव्ही बंद केला आणि म्हणाले, "रेल्वेनं जावं लागेल."

रेल्वेनं, कारण काकूंना बस लागते. स्वारगेटहून साताऱ्याला माहेरी जायला निघाल्या, तर कात्रजचा घाट यायच्या आत पिशवी काढावी लागायची. आता पुण्याहून नाशिकला रेल्वेनं जायचं म्हणजे एक तर कल्याणला गाडी बदला, नाहीतर दौंड-मनमाडचा वळसा घ्या. इतकं करून जायचं तर दोन-तीन दिवस राहायला हवं, आणि राहायचं तर कुठे? इथून काकांचं खरं काम सुरू झालं. "माणसं आधी ठिकाण ठरवतात आणि मग मिळेल तिथे पथारी टाकतात," ते म्हणायचे. "म्हणून परत येऊन एकमेकांशी बोलत नाहीत."

मग ते मुक्काम तपासायला निघायचे. एकटे, खांद्याला पिशवी, पिशवीत टॉर्च आणि मोजायची टेप. लॉजवर गेले की गादीवर दोन्ही कुशींवर पडून बघायचे, पंखा सगळ्या आकड्यांवर फिरवायचे, आणि काकूंच्या गुडघ्यांसाठी कमोडची उंची मोजायचे. नाशिक रोड बाद झालं, कारण लॉजचा मॅनेजर प्रत्येकाला विचारत होता, "दर्शनाला आलात का?" काका म्हणाले, "वाइन प्यायला जायचं आणि रोज सकाळी देवाच्या नावानं खोटं बोलायचं, हे हिला जमणार नाही." इगतपुरीला रात्रभर इंजिनांचे आवाज. मनमाडला तर ते दुपारीच परत फिरले. "तिथे माणूस गाडी बदलायला उतरतो, संध्याकाळ बघायला नाही." प्रत्येक वेळी काकू दार उघडून विचारायच्या, "ठरलं का हो?" आणि काका चपला काढत म्हणायचे, "घाई करू नकोस." एकदा त्या मला ऐकू येईल अशा बेतानं म्हणाल्या, "नको बाई घाई. द्राक्षांच्या मनुका झाल्या असतील एव्हाना."

निफाडला मी त्यांच्याबरोबर होतो. थंडी अशी होती, की काकांनी कानटोपीवर मफलर बांधला होता आणि लॉजवाल्याला त्यांचे फक्त प्रश्न दिसत होते. स्टेशनकडे परतताना रिक्षा एका मळ्याला लागून गेली. उन्हात चमकणारे घड अगदी हाताच्या अंतरावर. मी म्हणालो, "काका, बघा ना!" तर काकांनी मान दुसरीकडे फिरवलेली, डोळे चक्क मिटलेले. "तूही बघू नकोस," ते म्हणाले. "आज आपण मुक्काम बघायला आलोय. ते हिच्याबरोबर बघायचंय." मळा संपेपर्यंत ते तसेच बसले होते. मला तेव्हा फार हसू आलं होतं. आता तो रस्ता आठवला की हसू येत नाही.

काका मनमाडला गेले होते त्याच दिवशीची गोष्ट मला काकूंनी नंतर जिन्यात थांबवून सांगितली. त्यांच्या भिशीच्या बायकांनी बस ठरवली होती, नाशिकचा मळा बघून रात्री परत. काकू गोळी घेऊन गेल्या आणि काकांच्या आधी घरी पोचल्या. "सगळं बघितलं रे. फार सुंदर आहे. ते सांगतात ना, अगदी तस्संच."

"मग काकांना सांगा की! बसनंच जाऊन या दोघं."

"बस लागली ना! जाताना लागली, येताना लागली. त्यांचं बरोबरच आहे, मला रेल्वेच हवी." मग पदराआडून त्यांनी एक बाटली काढली. "ही तुझ्या खोलीत ठेव. भाडेकरूच्या खोलीत ते तपासणी करत नाहीत. आम्ही जाऊन आलो, की घरी उघडू."

"तिथे चाखली का पण?"

"सगळ्या प्यायल्या. मी लिंबू सरबत घेतलं." काकू थोड्या लाजल्या. "त्यांच्याबरोबर घ्यायचीय ना पहिली."

ती बाटली माझ्या पुस्तकांमागे उभी राहिली आणि काका देवळालीची तयारी करू लागले. देवळालीबद्दल त्यांना आशा होती. शांत गाव, हवा चांगली, आणि नाशिक जवळ. ते जाणार त्याच्या आदल्या आठवड्यात त्यांना पक्षाघाताचा झटका आला. वाचले. पण उजवा पाय ओढत चालावं लागतं, शब्द सावकाश येतात, आणि गॅलरीतल्या खुर्चीपलीकडचा प्रवास म्हणजे दवाखाना. काकू मात्र अजून रोज संध्याकाळी चहा देताना विचारतात, "ठरलं का हो?" मळा न पाहिलेल्या बाईसारखंच विचारतात.

गेल्या हिवाळ्यात काकांनी मला हाक मारली. "पदवीधर, देवळाली राहिलं. तू बघून ये. फलाटावर बाक... पाठीचं आहे का बघ. गाडीची वाट बघताना हिची पाठ भरते." गाडीच्या पायऱ्या काकांना चढता येणार नाहीत, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं. काकू आतून म्हणाल्या, "आणि माझ्या स्वेटरइतकी थंडी आहे का तेही बघ रे."

रविवारी मी कल्याणला गाडी बदलून देवळालीला उतरलो आणि फलाटावरूनच फोन लावला.

"बाक आहे, काका. पाठीचं आहे."

"उंची?"

"माझ्या गुडघ्याएवढी."

"तुझ्या नको सांगू. तू ताडमाड आहेस. हिचे पाय टेकतील का?"

"टेकतील."

"बसून बघ."

मी बसलो. बसलो म्हणून सांगितलं. मग काका म्हणाले, "पास." इतक्या वर्षांत तो शब्द मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला. मागून काकूंचा आवाज आला, "ठरलं का हो?" आणि काका म्हणाले, "ठरलं."

स्टेशनबाहेर चहा घेत होतो, तर एक रिक्षावाला जवळ आला. "वायनरी का, साहेब? सगळं फिरवून आणतो. आता संध्याकाळी लई भारी दिसतं."

"नको," मी म्हणालो. "आज फक्त मुक्काम बघायला आलोय."

आणि परतीची गाडी येईपर्यंत मी त्याच बाकावर जाऊन बसलो, शेजारी दोघांची जागा ठेवून.