इचारणारा डॉक्टर

त्या दिवसांत मी बायकोच्या हातचं खात नव्हतो. ती माह्या ताटात काहीतरी टाकते, असा शक डोक्यात बसलता. पहिला घास मांजरीले देऊ लागलो. मांजर लठ्ठ झाली, मी वाळून गेलो. शेवटी बायको लांजीले माहेरी निघून गेली. जाताना सांगून गेली का इलाज करा, नाही तं मी येत नाही.

बालाघाटले नागपूरहून एक मनाचा डॉक्टर आलता. राज्यं नव्यानं पाडली तवा नागपूर आमच्या राज्यातून निघून गेलं अन् हा उलटा इकडं आला, मले तिथंच शक. गेलो तं ना सुई, ना गोळी. समोर बसवून म्हणे, काय त्रास आहे?

आता आमच्याकडं झाडफूक करणाऱ्या गुनियाले रोगी काही सांगत नाही. तो तांदळाचे दाणे पाहून सोताच सांगते. इचारलं तं समजाचं, हा कच्चा आहे. म्हणून मी चुपचाप बसलो. तोही चूप. तीन मंगळवार असेच गेले. मी शहाणा किरनापूरहून सायकल हाणत मुक्यानं बसाले जात होतो.

चौथ्या मंगळवारी मीच भडकलो. "तुमीच सांगा ना मले काय झालं ते."

"मले नाही माहीत," तो म्हणाला.

मंग त्यानं आपलं सांगतलं. त्याचा बाप इकडचाच, हट्टा गावाकडचा गुनिया. रोगी अंगणात बसे, तवा त्याची माय रोग्याच्या घरच्या बायांपासून समदं काढून घे अन् आत नवऱ्याच्या कानात सांगे. मंग बाप दाणे टाके, अन् लोकं पाया पडत. लहानपणी ते पाहूनच त्यानं ठरवलं, ज्याले दुखते त्यालेच इचाराचं.

मले लगेच दुसरा शक. "मंग माहं बी तुमाले कोणी येऊन सांगतलं असन?"

"तुमची बायको आलती सांगाले. मी थांबवलं. म्हटलं, ते सांगतीन."

खोटं बोलत असता तं तीन मंगळवार मुका कायले बसता? मी सांगाले लागलो. मांजरीचं आलं तं मलेच लाज वाटली. तो हसला नाही. कवापासून असं होते, एवढंच इचारलं. माय गेली तवापासून, असं तोंडातून निघून गेलं. मले बी ते तवाच समजलं.

असे लय मंगळवार झाले. मंग बायको आली. तिनं वाढलेल्या ताटाचा मी वास घेतला, मांजरीकडं पाह्यलं, पण खाल्लं. सकाळी पोट धरून बसलो. पहिले असतं तं गावभर बोंबललो असतो. ह्या बारीनं तिलेच इचारलं, "कालच्या भातात काही होतं का वो?"

"चौघाईपुरता होता," ती म्हणाली. "तुमी एकट्यानं खाल्ला."