गार दाखवणारा काटा

मोठा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली असतील. माझा दवाखाना सोलापुरात होता आणि दर गुरुवारी मी दुधनीला पेशंट बघायला जायचे. गाडी वडिलांच्या वेळची. मीच चालवायचे.

तिच्या इंजिनात पाण्याला लागून एक पितळी बल्ब होता. पाणी किती तापलंय ते तो एका वायरीतून समोरच्या काट्याला कळवायचा. ही वायर जुनी होऊन कुठेतरी उघडी पडली होती. खड्डा आला की काटा एकदम लाल पट्ट्यावर उडी मारायचा. मी गाडी थांबवायची, बॉनेट उघडायची, तर आत काहीच नाही. दहा मैलांत चार वेळा उतरायचं म्हणजे जीव मेटाकुटीला यायचा.

अक्कलकोट रोडला एक वायरिंगवाले मिस्त्री होते. घरचे सगळे मागावर बसणारे, तेलुगू बोलणारे. हे एकटेच मोटारींकडे वळलेले. त्यांनी नवा बल्ब बसवला, नवी वायर ओढली. पाणी गळू नये म्हणून बल्बच्या आट्यांवर सुतळी गुंडाळून वर सफेदा थापला.

"आता उडी मारणार नाही, बाई," ते म्हणाले. "गप बसतो की नाही बघा."

काटा खरंच गप बसला. गार खुणेवर, अगदी डावीकडे. वळसंगपर्यंत मला बरं वाटलं. मग वाटायला लागलं, एवढी उन्हाची गाडी चाललीय आणि हा हलत कसा नाही? नजर रस्त्यावर कमी आणि काट्यावर जास्त. पण उतरून बघायला मन धजेना. लोक हसतील, मिस्त्री हसतील, असंही वाटलं.

त्या दिवशी दुधनीत एक बाई तपासून घ्यायला आली. आठवा महिना, पाय सुजलेले, डोकं दुखतंय म्हणत होती. रक्तदाब बघितला तर फार चढलेला, कधीही झटके येतील असा. मी म्हटलं, "हिला आत्ताच्या आत्ता सोलापूरला न्यायचं." तिची सासू कानडीत काहीतरी पुटपुटली, मग मराठीत म्हणाली, "आत्ता? घरात कुणाला सांगितल्यालं न्हाय."

"निरोप धाडा. तुम्ही चला माझ्याबरोबर."

दोघींना मागे बसवलं. अक्कलकोट मागे टाकलं आणि बॉनेटच्या फटीतून वाफ यायला लागली. काटा गारच. गाडी कडेला घेतली. पाण्याचा एक पाइप सैल होऊन पाणी हळूहळू गळून गेलं होतं. इंजिन भाजत होतं आणि तो काटा मला सगळं निवांत असल्याचं सांगत होता.

"का थांबला, बाई?" सासूने विचारलं.

"पाणी संपलंय."

"मग आनते की."

ती उतरून तरातरा निघाली. लांबवर मेंढरं चारणारा एक जण होता, त्याच्याकडून पाण्याची चामडी पखाल घेऊन आली. पण इंजिन गार होईपर्यंत रेडिएटरचं झाकण उघडता येईना. ती अर्धी घटका मी रस्त्यावर येरझाऱ्या घातल्या. दर दोन मिनिटांनी मागचं दार उघडून विचारत होते, "डोळ्यांपुढं अंधारी येतेय का?" शेवटी ती पोरच म्हणाली, "बाई, तुमी बसा. तुमाला बघून मलाच भ्या वाटतंय."

पाइप आवळला, पाणी भरलं आणि उरलेला रस्ता सावकाश काढला. हॉस्पिटलात तिला वेळेत घेतलं. दोन दिवसांनी तिला मुलगी झाली, लहानशी, पण आवाज खणखणीत.

मिस्त्रींना सांगितलं तेव्हा त्यांनी वाद घातला नाही. वायर बल्बवरून सोडवून तिचं टोक इंजिनाला टेकवलं. काटा सरळ लाल पट्ट्यावर गेला.

"वायर ठीक हाय, काटा ठीक हाय," ते स्वतःशीच बोलले. मग बल्ब फिरवून बाहेर काढला आणि आट्यांवरची सुतळी नखाने खरवडून बघितली. या बल्बला परतीची दुसरी वायर नसते, तो आट्यांमधून इंजिनाच्या लोखंडाला टेकला तरच वीज फिरते. सुतळी आणि सफेद्याने तेच बंद झालं होतं.

"माझी चूक, बाई. पाण्याची काळजी केली, विजेची विसरलो."

त्यांनी आटे तारेच्या ब्रशने चकचकीत घासले आणि या वेळी नुसतं तांब्याचं वायसर घातलं. गळतीची भीती असूनही सुतळी घेतली नाही. नंतरच्या गुरुवारी कामाला सुट्टी देऊन ते माझ्या शेजारी बसून दुधनीला आले. काटा हळूहळू चढला, मध्याच्या जरा पुढे जाऊन थांबला.

"बघितलं?" ते म्हणाले.

बघितलं. तरी कर्जाळला मी गाडी थांबवली, उतरून रेडिएटरला हात लावला. मिस्त्रीही उतरले आणि वाकून पाइप चाचपू लागले.