मामा आणि सिंगापूरचा पाडाव

दुसरं महायुद्ध आपल्या देखरेखीखाली झालं असतं तर निम्म्या वेळात आटोपलं असतं, असं मनापासून मानणारा माणूस जगात एकच आहे, आणि ते माझ्या बायकोचे मामा आहेत. आपण ते जिंकलं असतं, असा त्यांचा दावा नाही. जिंकणं-हरणं त्यांच्या लेखी दुय्यम. युद्ध वेळेवर सुटलं पाहिजे आणि वेळेवर पोचलं पाहिजे, एवढंच त्यांचं म्हणणं. मामा एस.टी.त वाहतूक नियंत्रक होते. कराडच्या स्थानकावरच्या छोट्या खोलीत बसून त्यांनी सगळी नोकरी माईकवर बोलण्यात घालवली. माईक बिघडला तरी काम अडायचं नाही, कारण मामांचा मूळचा आवाज फलाटाच्या दुसऱ्या टोकाला झोपलेल्या चालकाला उठवू शकत असे. जन्म मात्र युद्ध संपल्यानंतरचा. आपली गाडी थोडक्यात चुकली, ही हळहळ त्यांना कायम वाटत आली. लढाईच्या पुस्तकांतून ती ते भरून काढायचे. नकाशा समोर धरून "इथं फाटा आहे, इथं ह्यांनी थांबायलाच नको होतं," असं म्हणत त्यांनी युरोपातल्या मोठमोठ्या सेनापतींना अनेकदा मेमो दिलेला मी ऐकलाय.

मामी गेल्यावर ते कराडच्या घरात एकटेच राहू लागले, तेव्हा मानसीने, म्हणजे माझ्या बायकोने, त्यांना हट्टाने सिंगापूरला आणलं. आम्ही तेव्हा सेंगकांग या उपनगरात नुकते राहायला आलो होतो. पहिल्याच दिवशी मामांना आमच्या दारातली एल.आर.टी. ही छोटी रेल्वे दाखवली. हवेतल्या रुळांवरून डबा आपोआप आला, दारं आपोआप उघडली. मामा आत चढले, सरळ पुढच्या टोकाला गेले आणि काचेला नाक लावून उभे राहिले. चालकाची जागा रिकामी होती, म्हणजे जागाच नव्हती. दोन स्टेशनं गेल्यावर ते माझ्याकडे वळून गंभीरपणे म्हणाले, "जावईबापू, चालक नाही, वाहक नाही. मग माणसानं भांडायचं कुणाशी?" त्या दिवसापासून एल.आर.टी.त शिरताना ते त्या रिकाम्या जागेकडे बघून हात वर करायचे. चालक बिचारा दिसत नसला म्हणून काय झालं, शिष्टाचार तो शिष्टाचार.

एका रविवारी त्यांना पुलाउ उबीन बेटावर न्यायचं ठरलं. धक्क्यावर कळलं, की बेटावर जाणारी होडी ठरावीक माणसं भरल्याशिवाय सुटत नाही. ते ऐकून मामा जागच्या जागी उभे राहिले. "म्हणजे वडाप," ते म्हणाले. गावोगावच्या रस्त्यांवर एस.टी.चे प्रवासी पळवणाऱ्या वडापच्या जीपांशी मामांचं आयुष्यभराचं वैर होतं. जीवही गेला तरी वडापमध्ये बसणार नाही, असा त्यांचा बाणा होता. आमच्या लेकीने, इराने, "आजोबा, इट्स ओन्ली अ बोट लाह," असं समजावून पाहिलं. मामा हलले नाहीत. आम्ही बेट बघून परतलो तेव्हा ते धक्क्यावर नारळपाणी पीत बसले होते आणि होडीच्या म्हाताऱ्या चिनी मालकाला वेळापत्रकाचं महत्त्व मराठीतून पटवत होते. तो मान डोलावत होता. मामांचं ऐकणारा माणूस पुढे कधी ना कधी मान डोलावतोच. दुसरा उपाय नसतो.

दिवसभर आम्ही दोघं ऑफिसात, इरा शाळेत. मामांनी तेवढ्यात खालच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या दुकानांच्या मंडईत, भाताच्या दुकानासमोरची रांग दोन भागांत विभागली. घरी नेणारे डावीकडे, बसून खाणारे उजवीकडे. लोकांनी ते निमूटपणे ऐकलंही. पण मानसी घाबरली. "त्यांना कुठंतरी गुंतव," ती मला म्हणाली, "नाहीतर आपल्याला नोटीस येईल." म्हणून मी शहरातल्या युद्धकाळाच्या खुणा दाखवणाऱ्या एका पायी सहलीचं तिकीट काढलं. फोर्ट कॅनिंगच्या टेकडीपासून सुरुवात, मग टेकडीच्या पोटातला बंकर, मग खाली नदीकाठाने चालत मोठ्या मैदानापर्यंत. वाटाडी मे-लिंग नावाची तिशीतली चिनी मुलगी होती, हातात छोटा पिवळा झेंडा घेतलेली.

मामा त्या सहलीहून परतले ते नव्या नोकरीवर रुजू झाल्यासारखे. पुढच्या आठवड्यात पुन्हा गेले. मग दर आठवड्याला. मे-लिंगने तिसऱ्या खेपेनंतर त्यांचं तिकीट घेणं सोडून दिलं, कारण मामा एव्हाना मागे राहणाऱ्यांना हाकत आणायचे, आणि कोण स्वच्छतागृहात गेलंय याचा हिशेब तिच्यापेक्षा चांगला ठेवायचे. बदल्यात ते तिला प्रश्न विचारायचे. इंग्रजांच्या मोठ्या तोफा समुद्राकडे तोंड करून होत्या आणि जपानी मागून आले, ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते. मे-लिंगने समजावलं, की ते अर्धंच खरं आहे. बऱ्याच तोफा वळत होत्या, पण त्यांच्यासाठी ठेवलेले गोळे जहाजं फोडायचे होते, माणसांच्या फौजेविरुद्ध त्यांचा फारसा उपयोग नव्हता. मामांनी यावर दोन दिवस विचार केला आणि रात्री जेवताना जाहीर केलं, "गाडी उभी आहे, चालक तयार आहे, आणि टायर आलेत ट्रॅक्टरचे. चूक सेनापतीची नाही. मागणीपत्रक भरणाऱ्याची आहे."

इंग्रजांनी शरणागतीचा निर्णय ज्या बंकरमध्ये घेतला, त्या कोंदट खोलीत मामा सगळ्यांत खूश असत. मेणाचे अधिकारी टेबलाभोवती बसलेले. मामा त्यांच्यामागे उभे राहून टेबलावरचा नकाशा बघत आणि मान हलवत. उत्तरेकडून एकच पूल. तोही उडवला, पण पुरता उडवला नाही. आणि मग पाणी संपतंय, पेट्रोल संपतंय, शहरात लाखो माणसं अडकलेली. "इतक्या प्रवाशांना घेऊन कुठं जाणार होते?" मामा हळू आवाजात म्हणत. मामांचा हळू आवाज शेजारच्या खोलीत ऐकू यायचा.

त्यांची परतायची तारीख जवळ आली तेव्हाची गोष्ट. तो शनिवार होता आणि "शेवटची ड्यूटी आहे, चला," म्हणून मामांनी मलाही ओढून नेलं. टेकडीच्या पायथ्याशी मे-लिंग गळ्याला रुमाल गुंडाळून उभी होती. आवाज पूर्ण बसलेला. माणसं जमली होती, एक ऑस्ट्रेलियन जोडपं, चेन्नईचं एक कुटुंब, आणि पांढरी टोपी घातलेले, एकटेच आलेले, ऐंशीच्या घरातले एक सडपातळ गृहस्थ. मे-लिंग सहल रद्द करायच्या बेतात होती. मामांनी तिच्या हातातला झेंडा घेतला.

"तू माझ्या कानात सांग," ते म्हणाले. "पुढचं मी बघतो."

"कॅन, अंकल?" तिने नुसत्या श्वासाने विचारलं.

मामांनी घसा साफ केला. ऑस्ट्रेलियन बाई दचकून एक पाऊल मागे सरकल्या.

ती सहल मी कधी विसरणार नाही. मे-लिंग त्यांच्या कानाशी चार वाक्यं कुजबुजायची आणि मामा त्यांची बारा करायचे. त्यांचं इंग्रजी तुटक, पण आवाजाला व्याकरण लागत नाही. "अटेन्शन, पॅसेंजर्स," अशी प्रत्येक थांब्यावर सुरुवात. जपानी सायकलींवरून आले, हे तिने सांगितलं होतं. ते मागच्या दारातून आले, तिकीट काढलं नाही, आणि असले लोक गाडीत शिरले की सगळ्यांचा प्रवास नासवतात, ही भर मामांची. चेन्नईकर खूश झाले. ऊन चढलं होतं. टोपीवाले गृहस्थ आपली छत्री उघडून मामांच्या शेजारी आले आणि बोलणाऱ्या माणसाच्या डोक्यावर त्यांनी ती धरली. मामांनी ती बिनबोभाट स्वीकारली आणि छत्रीच्या सावलीत उभं राहून जपान्यांचा आणखी खरपूस समाचार घेतला.

बंकरच्या बाहेर आल्यावर, "कुणाला काही विचारायचं आहे?" असं मामांनी विचारलं. टोपीवाल्या गृहस्थांनी हात वर केला. शब्द शोधत शोधत ते म्हणाले, "सैनिक, जे इथे मेले. जपानी सैनिक. ते कुठे आहेत?"

"का?" मामांनी विचारलं.

"माझा मोठा भाऊ," ते म्हणाले.

छत्री अजून मामांच्याच डोक्यावर होती. मामांनी वर छत्रीकडे पाहिलं, मग त्या माणसाकडे. त्यांचा चेहरा मी पुरता उतरलेला पाहिला. ते नम्रपणे, खरोखर हळू आवाजात म्हणाले, "सॉरी. आय डोन्ट नो."

मे-लिंग पुढे झाली. तिने मामांचा दंड धरून त्यांना खाली वाकवलं आणि कानात बोलू लागली. नेहमीपेक्षा बराच वेळ बोलली. मामा ऐकत राहिले. मग ताठ झाले आणि म्हणाले, "इथून उत्तरेला, होगांगला, जपानी लोकांची जुनी दफनभूमी आहे. तुमच्या सैनिकांच्या अस्थी तिथं आहेत. आमच्या घरापासून लांब नाही. मी नेतो."

एवढंच. चाराची बारा करणाऱ्या मामांनी त्या दिवशी बाराची चार केली. परतताना रेल्वेत बसल्यावर मी विचारलं, ती एवढा वेळ काय सांगत होती? मामा खिडकीबाहेर बघत होते.

"तिच्या आजीचा भाऊ," ते म्हणाले. "शहर घेतल्यावर जपान्यांनी चिनी पोरांना चौकशीला बोलावून नेलं होतं बघा, त्यात तोही गेला. परत आला नाही. त्याची कुठं दफनभूमीही नाही. मला म्हणाली, अंकल, हे त्यांना सांगू नका, त्यांना फक्त रस्ता सांगा."

एल.आर.टी.त शिरताना रिकाम्या जागेकडे बघून हात वर करायचंही ते विसरले. मानसीने घरी दार उघडल्यावर त्यांच्याकडे बघून मला विचारलं, "काय झालं? कुणाशी भांडले?"

दुसऱ्या दिवशी सकाळी ते गृहस्थ सेंगकांगच्या स्टेशनवर हजर होते. मामांनी मानसीकडून शंकरपाळ्यांचा डबा आणि थर्मासभर चहा करून घेतला होता. प्रवासाला निघालेल्या माणसाला उपाशी ठेवायचं नाही, मग तो कुठल्याही पक्षाचा असो. मी गाडीने दोघांना तिथे घेऊन गेलो. चहूबाजूंनी बंगल्यांची वस्ती आणि मधेच ते शांत आवार. वर मांडवासारखी बोगनवेल, आणि तिच्या खालून जाणारी वाट. दगड जुने, अक्षरं आम्हाला न कळणारी. गृहस्थ एकेका दगडापाशी थांबत वाचत गेले. भावाचं नाव कुठे नव्हतंच, आणि ते मिळेल अशी त्यांची अपेक्षाही दिसली नाही. सैनिकांच्या एकत्रित अस्थींच्या जागी ते उभे राहिले, टोपी काढली, आणि मग खाली वाकून तिथली वाळलेली पानं वेचू लागले. मामांचे गुडघे त्या वयात वाकायला कुरकुरायचे. तरी तेही बसले आणि दुसऱ्या बाजूने पानं वेचू लागले.

मग मामांनी थर्मास उघडला. एक पेला गृहस्थांना दिला, एक स्वतःला. गृहस्थांनी खुणेनेच आणखी एक मागितला आणि तो दगडासमोर ठेवला. मामा थोडा वेळ त्या वाफाळत्या पेल्याकडे बघत राहिले. मग त्यांनी मला हळूच विचारलं, "जावईबापू, ह्यांना विचारा, त्याला साखर चालायची का? मानसी जरा जास्तच घालते."

मी विचारलं. गृहस्थ आधी गोंधळले, मग हसले, आणि हसता हसता त्यांनी रुमाल डोळ्यांना लावला. भाऊ गेला तेव्हा ते अगदी लहान होते. त्याला काय आवडायचं हे त्यांना ठाऊकच नव्हतं. "तेव्हा साखर मिळत नसे," ते म्हणाले. "नक्की चालेल."

दोघं तिथे बाकावर बराच वेळ बसले. मामा मराठीत मामींबद्दल बोलत होते, ते जपानीत कशाबद्दल तरी. शंकरपाळे संपले तेव्हा आम्ही उठलो.

त्याच आठवड्यात मामा कराडला परतले. पुन्हा यायचं म्हणत राहिले, पण गुडघ्यांचं ऑपरेशन लांबत गेलं, मग रक्तदाब, मग डॉक्टरांनी विमानप्रवासाला नको म्हटलं. आता ते व्हॉट्सअॅपवर लढायांचे नकाशे पाठवतात आणि मी अंगठा दाखवतो.

दोनेक वर्षांनी पुण्याहून पाहुणे आले होते. त्यांना घेऊन मी पुन्हा त्या सहलीला गेलो. मे-लिंगने मला ओळखलं. अंकल कसे आहेत, विचारलं. तिचा आवाज आता खणखणीत होता. बंकरमधून बाहेर आल्यावर ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, की इथे मी माझ्या घरातल्या एका माणसाची गोष्ट सांगते. मग तिने ती सांगितली. आजीच्या भावाचं नाव घेतलं, तो काय काम करायचा ते सांगितलं, दारातून जाताना काय म्हणाला ते सांगितलं. आणि त्यानंतर टोपीवाल्या गृहस्थांच्या भावाचीही गोष्ट सांगितली.

संध्याकाळी मी मामांना फोन करून हे कळवलं.

"लोक ऐकत होते?" त्यांनी विचारलं.

"हो मामा. सगळे."

"बरं झालं," ते म्हणाले.

त्यांनी फोन ठेवला नाही. मीही ठेवला नाही. त्यांच्याकडे अंगणात कुणीतरी झाडांना पाणी घालत होतं, तेवढा आवाज येत राहिला.